जावळाला निघालेल्या लेकराची शिदोरी



गळीत हंगाम संपला, शेवटची खेप वजनकाट्यावरून गेली, की आपल्या भागात घरोघरी देवाला जाण्याचं बोलणं सुरू होतं. तोडणी-वाहतुकीच्या धांदलीत राहून गेलेली कामं आता उरकायची असतात. त्यात ज्यांच्या घरी वर्षाच्या आतबाहेरचं लेकरू आहे त्यांचं पहिलं काम म्हणजे जावळ. कुणाचं कुलदैवत तुळजापूरची भवानी, कुणाचं जेजुरीचा खंडोबा, कुणी पंढरपूरला जाणार. मामाच्या मांडीवर बसवून बाळाचे केस उतरवायचे, नैवेद्य दाखवायचा, पाहुण्यांना जेवू घालायचं आणि जमलं तर तसंच पुढे माहेरी किंवा कोकणात चार दिवस राहून यायचं.

या प्रवासाची तयारी आपण हौसेने करतो. मोठ्या माणसांसाठी कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे यांची गाठोडी आदल्या रात्रीच बांधून तयार असतात. मात्र ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्या लेकराच्या खाण्याचा विचार बहुधा शेवटी होतो. "त्याला काय लागतंय, तिथं दूध मिळंल की," असं म्हणून निघतो आणि चार दिवसांनी परत येतो तो जुलाबानं मलूल झालेलं पोर घेऊन. म्हणून हा विषय या अंकात जरा सविस्तर मांडत आहोत.

हे वय नाजूक का?

सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं. त्यानंतर अंगावरच्या दुधाबरोबर वरचं अन्न लागतं. वर्षाच्या सुमारास बाळाची भूक वाढलेली असते, पण पोट लहान असतं आणि दाढा आलेल्या नसतात. शिवाय ते रांगत असतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. घरी त्याचं खाणं, पाणी, वेळ ठरलेली असते. प्रवासात ही सगळी घडी एकदम विस्कटते, त्यात आपल्या सोलापूरकडचं उन्हाळ्यातलं चाळीस अंशांच्या वरचं ऊन. उसाला एखादी पाण्याची पाळी चुकली तर पुढच्या पाळीला थोडंफार सावरता येतं. लेकराच्या अंगातलं पाणी मात्र एका दिवसात धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं.

आधी आईचं दूध

प्रवासातलं सगळ्यात सुरक्षित अन्न आईजवळ असतं. त्याला भांडं लागत नाही, गरम करावं लागत नाही आणि ते नासत नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही अंगावर पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा "आता वर्षाचं झालं, जावळाबरोबर अंगावरचंही तोडू," असा बेत निदान प्रवासात तरी करू नये. उलट त्या चार दिवसांत बाळ मागेल तेव्हा पाजावं. एस.टी.च्या अनेक स्थानकांवर आता हिरकणी कक्ष आहेत. लेकराच्या ओढीनं रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीच्या आख्यायिकेवरून हे नाव आलं. तिथं बसून पाजायला आईनं संकोच करू नये, आणि घरच्या पुरुष माणसांनी खोली शोधून द्यावी, बाहेर सामान सांभाळावं. पाजणाऱ्या आईच्या पोटातही वेळेवर अन्नपाणी गेलं पाहिजे. पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत तिला उपाशी ठेवणं बरं नव्हे.

कोरडं न्यावं, ताजं कालवावं

दुधाची बाटली भरून घेणं, थर्मासात गरम दूध नेणं, सकाळची खीर दुपारपर्यंत पुरवणं या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. कोमट दुधात जंतू झपाट्यानं वाढतात. विरजण कसं लागतं हे प्रत्येक घरात ठाऊक आहे, फक्त तिथं आपण चांगले जंतू घालतो, इथं वाईट शिरतात. बाटलीचं बूच प्रवासात नीट धुणं-उकळणं होत नाही, म्हणून बाटली घरीच ठेवावी. वाटी-चमचा बरा, धुवायला सोपा.

थर्मासात न्यायचं ते उकळतं पाणी. पीठ कोरडं न्यावं. आपल्याकडच्या ज्वारीच्या लाह्या आणि पंढरपुरी डाळं या दोन वस्तूंनी हे काम छान होतं, कारण दोन्ही आधीच भाजलेल्या असतात. दोन वाट्या लाह्यांचं पीठ आणि एक वाटी डाळ्याचं पीठ, दोन्ही बारीक दळून वस्त्रगाळ करून मिसळावं. बाळाला शेंगदाणा आधीपासून सोसत असेल तर भाजून साल काढलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट थोडं घालावं. कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात हे पीठ प्रवासभर टिकतं. खायच्या वेळी दोन-तीन चमचे पीठ वाटीत घेऊन थर्मासातलं गरम पाणी घालून कालवायचं, निवलं की भरवायचं. वर थोडं साजूक तूप. उरलं तर पुढच्या वेळेला ठेवू नये.

ज्यांच्याकडे एवढं करायला सवड नाही त्यांनी कडक भाकरीचा चुरा गरम, बिनतिखट वरणात भिजवून मऊ लगदा करावा. केळ तर उत्तमच. त्याची साल हेच त्याचं झाकण. उकडलेलं अंडं आणि उकडलेला बटाटाही सालीसकट नेता येतो, मात्र उन्हाळ्यात तासाभरातच संपवावा. दूध हवंच असेल तर मुक्कामी ताजं घेऊन समोर उकळावं. वर्षाच्या आतल्या बाळाला गाई-म्हशीचं दूध पेजेत चालतं, पण आईच्या दुधाच्या जागी ते मुख्य पेय म्हणून देऊ नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. यातलं कोणतंही अन्न प्रवासात पहिल्यांदा देऊ नये. निघण्याआधी आठ-दहा दिवस घरी देऊन पाहावं, म्हणजे काय सोसतं, काय नाही ते कळतं.

किती आणि केव्हा

नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा, पाव लिटरच्या वाटीनं अर्धी वाटी जेवण द्यावं. वर्ष पुरं झालं की पाऊण ते भरून वाटी. मधे भूक लागली तर एक-दोन वेळा केळ किंवा तसंच काही. आणि अंगावरचं दूध आहेच. प्रवासात एका वेळी कमी खाल्लं तर दटावून भरवू नये. थोडं थोडं, जास्त वेळा द्यावं. घाटाचा रस्ता असेल तर अगदी निघताना पोट गच्च भरू नये. दर्शनाच्या रांगेत किती तास जातील याचा नेम नसतो, म्हणून रांगेला लागण्याआधीच भरवून घ्यावं. जावळही बाळ भुकेलं किंवा पेंगुळलं असताना काढू नये. मुहूर्त सांभाळताना लेकराची झोप आणि भूकही सांभाळावी.

श्रद्धेच्या आड न येता

देवळात बाळाच्या तोंडात तीर्थ आणि पंचामृत घालण्याची रीत आहे. पंचामृतात कच्चं दूध असतं, मध असतो आणि ते सकाळपासून भांड्यात असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये. मधातल्या एका जंतूच्या बीजापासून तान्ह्या बाळाला लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो, मोठ्यांना तो सहसा बाधत नाही. चंद्रभागेचं किंवा कुंडाचं पाणीही तसंच. तीर्थ बाळाच्या कपाळाला लावावं आणि प्रसाद आईनं घ्यावा. देवाला त्यात उणं काही वाटणार नाही. आजीला हे आधीच घरी समजावून सांगावं, म्हणजे देवळात वाद नको.

स्थानकावरचा चहा-बिस्कीट हा लेकरांना गप्प करण्याचा आपला जुना उपाय. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि बिस्किटाच्या गोडीनं जेवणाची भूक मरते. नैवेद्याच्या मटणाचा तिखट रस्सा बाळाच्या ओठाला लावण्याची गंमतही नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, डाळिंबाचे दाणे, हुरडा, उसाची कांडी हे घशात अडकून जीव जाऊ शकतो. रस्त्याकडेचा उसाचा रस आपल्याच मालाचा असला तरी त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणाला ठाऊक? तो मोठ्यांनी आपल्या जबाबदारीवर प्यावा, बाळाला देऊ नये.

साखरेविषयी दोन शब्द

आपण साखर पिकवणारी माणसं. तरीही आम्ही सांगतो की दोन वर्षांच्या आतल्या लेकराच्या रोजच्या खाण्यात वरून साखर किंवा गूळ घालू नये. गोडाची चटक लागली की वरण-भाताला तोंड वाकडं होतं आणि कोवळे दात किडतात. मीठही वर्षाच्या आत जवळजवळ नकोच.

पण हीच साखर एका वेळी औषध होते. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते तोंडावाटे पाजायला सुरुवात केली. रोग्यांचे नातेवाईकच पेल्यानं पाजत होते. शंभरात तीसच्या आसपास रोगी दगावत होते, ते प्रमाण चाराच्याही खाली आलं. डॉक्टर २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

यामागचं कारण सोपं आहे. जुलाबात आतड्याला नुसतं पाणी आणि मीठ नीट शोषता येत नाही. ग्लुकोज बरोबर असलं की त्याच्या जोडीनं मीठ आत जातं आणि मिठामागे पाणी जातं. आपल्या साखरेतून पोटात ग्लुकोज सुटतं, म्हणून घरगुती पाण्यालाही तोच गुण येतो.

जुलाब लागले तर

प्रवासाला निघतानाच प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून ओ.आर.एस.ची दोन-तीन पाकिटं घ्यावीत. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच, बहुतेक एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं पाकीट एकदम कालवावं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून माप चुकवू नये. चव घेऊन पाहावी, अश्रूपेक्षा खारट नको. चोवीस तासांनी उरलेलं टाकून नवीन करावं.

दर पातळ जुलाबानंतर बाळाला पाव ते अर्धा पेला, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर, चमच्या-चमच्यानं पाजावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश सुरू करावं. अंगावरचं दूध थांबवू नये आणि खाणंही बंद करू नये. "पोटाला आराम" म्हणून लेकराला उपाशी ठेवण्याची जुनी समजूत घातक आहे. झिंकच्या गोळ्याही दवाखान्यातून मागून घ्याव्यात आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांना फसू नये. काही पेयांवर ओ.आर.एस. हे नाव छापलं जात होतं, त्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसू लागली, लघवी सहा तास झाली नाही, शौचात रक्त दिसलं, बाळ पिईना किंवा सुस्त पडलं, तर दर्शन, जेवण, मुक्काम सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा. वाटेतही चमच्यानं पाणी पाजत राहावं. सलाईन लावणं न लावणं डॉक्टरांवर सोडावं.

निघण्यापूर्वी पिशवीत

लाह्या-डाळ्याच्या पिठाचा डबा, उकळत्या पाण्याचा थर्मास, उकळून गार केलेल्या पिण्याच्या पाण्याची वेगळी बाटली, झाकणाची वाटी व चमचा, केळी, साबणाची वडी, ओ.आर.एस.ची पाकिटं आणि बाळाच्या लसीचं कार्ड. भरवण्यापूर्वी भरवणाऱ्यानं साबणानं हात धुवायचे, बाळाचेही धुवायचे. एवढं सगळं एका लहान पिशवीत मावतं.

बेणं चांगलं निवडलं, पहिली उगवण जपली, तरच पुढे फड उभा राहतो, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. तीच काळजी जावळाच्या प्रवासात लेकराची घ्यावी. हा अंक वाचून झाल्यावर घरातल्या आया-बहिणींना वाचून दाखवावा आणि पिशवी भरण्याचं काम त्यांच्या एकट्यांवर टाकू नये, ही विनंती.