एक मिलिसेकंद म्हणजे देवबाग ते अलिबाग

देवबाग म्हणजे कर्लीची खाडी आणि अरबी समुद्र यांच्या कात्रीत सापडलेली वाळूची चिंचोळी पट्टी. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, 300 मीटर जाते. संगमाकडच्या टोकाला गावाची रुंदी तेवढीही भरत नाही. मिलिसेकंदात तीच लहर 300 किलोमीटर काटते: देवबागेतून सुटली की सरळ रेषेत अलिबाग! ध्वनी त्या मानाने भलताच आळशी. पाण्यात त्याची मजल सेकंदाला 1500 मीटर. म्हणून तळावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या फिशफाइंडरच्या घड्याळात मिलिसेकंदाची चूक झाली, तर खोली फक्त 75 सेंटिमीटरने चुकते. तांडेल तिकडे बघणारही नाही. जीपीएसमध्ये तेवढीच चूक झाली, तर उपग्रहापासूनचं अंतर 300 किलोमीटरने चुकतं.

होडी एकच, केबिन एकच, आणि त्यातल्या कामांची घाई मात्र अशी लाखो पटींनी वेगळी.

भारतात 20 मीटरपेक्षा लांब मासेमारी नौकांना एआयएस सक्तीचं आहे. जवळच्या जहाजांना आपलं स्थान, वेग आणि दिशा कळवणारं हे यंत्र. त्यात प्रत्येक मिनिटाचे 2250 स्लॉट पाडलेले असतात. वाहिन्या दोन, म्हणजे मिनिटाला 4500 स्लॉट. एक स्लॉट 26.67 मिलिसेकंदांचा, त्यात 256 बिट, आणि एका बिटाच्या वाट्याला 104 मायक्रोसेकंद. भर समुद्रात ‘आता तू बोल’ म्हणणारा कोणी नाही. जीपीएसवरून वेळ जुळवायची, मोकळा स्लॉट हेरायचा आणि तेवढ्यात बोलून घ्यायचं. उशीर झाला की आपला आवाज दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये घुसतो आणि ऐकणाऱ्याला दोघांचंही कळत नाही.

पण केबिनमधल्या यंत्राला एवढंच काम थोडंच असतं? नकाशा रंगवायचा, मोबाइलशी बोलायचं, कालची जाळी कुठे टाकली होती ते जपून ठेवायचं. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला जी योजना सुरू झाली, तिच्यात 360 कोटी रुपये खर्चून एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी दुतर्फा बोलणारे ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. अशा यंत्रांत काटेकोर आणि सैल कामं एकत्र नांदवायची, तर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घ्यायची?

पहिला मोह लिनक्सचा. नकाशे, ब्लूटूथ, फायली सगळं आयतं मिळतं. तातडीच्या कामाला ताबडतोब वाट करून देणारी त्याची ‘प्रीएम्प्ट आरटी’ ही सोय साधारण वीस वर्षं बाहेरून जोडावी लागत होती. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 आवृत्तीत ती मूळ कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, आली. चांगल्या हार्डवेअरवर आता उशीर सहसा शंभर मायक्रोसेकंदांच्या आत राहतो. मग भांडण मिटलं?

नाही. इथे सरासरीला किंमत नाही. सेकंदाला हजार वेळा करायचं काम दिवसात 8 कोटी 64 लाख वेळा होतं. दहा लाखांत एकदाच चुकलं, तरी दिवसाला 86 चुका. ‘एकदाही नाही’ असं छातीठोक सांगायचं, तर सगळा कोड तपासता आला पाहिजे, आणि लिनक्सचा कोड सुमारे 4 कोटी ओळींचा. पानाला 50 ओळी धरल्या तर आठ लाख पानं. याउलट एस-ई-एल-फोर या मायक्रोकर्नेलचा, म्हणजे अगदी छोट्या गाभ्याचा, सी कोड 8700 ओळींचा, म्हणजे पावणेदोनशे पानं, एका दिवाळी अंकाएवढा. तो बरोबर आहे हे 2009 मध्ये गणिताने सिद्ध केलं, तेव्हा त्या सिद्धतेच्याच दोन लाख ओळी झाल्या. त्या हिशेबाने लिनक्सची सिद्धता मांडायला कोण बसणार?

अर्थात ठरल्या वेळेत काम करून देणारी छोटी रिअल-टाइम सिस्टीम घेतली की सुटलो, असंही नाही. 1997 साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरवर व्हीएक्सवर्क्स ही नावाजलेली रिअल-टाइम सिस्टीम होती. हवामान मोजणारं एक दुय्यम काम सामायिक माहितीचं कुलूप धरून बसलं, मधल्या दर्जाच्या कामांनी त्याला मागे रेटलं, आणि एक फार महत्त्वाचं काम कुलपाबाहेर ताटकळलं. यान पुन्हा पुन्हा रीसेट होत राहिलं. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरचा मान द्यायची सोय त्यात होती, पण बंद ठेवलेली. ती कोट्यवधी किलोमीटरवरून, पृथ्वीवरून चालू करावी लागली.

माझं मत सरळ आहे: होडीवर काटेकोर आणि सैल कामं वेगळी ठेवावीत. स्लॉट सांभाळायला स्वस्त मायक्रोकंट्रोलर आणि त्यावर काही किलोबाइटांत मावणारी फ्रीआरटीओएस ही रिअल-टाइम सिस्टीम. नकाशासाठी शेजारच्या प्रोसेसरवर लिनक्स. दोघांत फक्त संदेशांची देवाणघेवाण, सामायिक कुलूप नाही. चार पैसे जास्त पडतील, जुळवणी करणाऱ्याचं डोकं दुखेल. जीपीएसला लागणारं नॅनोसेकंदांचं मोजमाप तर दोघांच्याही हाती देऊ नये. ते सर्किटानेच करावं.

छोट्या बोटींच्या ‘क्लास बी’ एआयएसचा संदेश चालत्या होडीवरून दर 30 सेकंदांनी जातो, दिवसाला 2880. नकाशा गोठला, तर तांडेल दोन शिव्या हासडून बटण दाबेल आणि लिनक्स अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा उभं राहील. तेवढ्या वेळात होडीची एक-दोनदा संदेश द्यायची पाळी येतेच. ती चुकता कामा नये.