मज्जारज्जूची इजा : मूत्राशयाची निगा आणि रक्तदाब

कोल्हापूरची शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली व्यापारी पेठ. मालाची चढ-उतार आणि वाहनांची वर्दळ जेथे चालते, तेथे उंचावरून पडून वा अपघाताने पाठीच्या कण्यास इजा होण्याचा धोका असतोच. अशा इजेने पाय लुळे पडतात, हे सर्वांस दिसते. परंतु मूत्राशयावरील ताबा सुटतो आणि रक्तदाबाचा तोलही बिघडू शकतो, हे फारसे कोणी जाणत नाही. नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ साली याच शहरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड’ ही संस्था उभी केली. असे स्वावलंबी जीवन शक्य होण्यासाठी शरीराची रोजची निगा ही पहिली पायरी होय.

मज्जारज्जू दुखावला की मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचत नाही. लघवी तुंबते, जंतुसंसर्ग होतो आणि पुढे मूत्रपिंडांनाही अपाय होतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करावे लागते. एका वेळी ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक लघवी साठू न देणे इष्ट.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर वा त्याहून वर इजा असल्यास आणखी एक संकट संभवते. तुंबलेल्या मूत्राशयामुळे इजेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब एकाएकी वाढतो. त्या शिथिल करण्याची मेंदूची आज्ञा इजेपलीकडे जात नाही. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. वेळीच उपाय न झाल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णांचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० असतो. त्यामुळे इतरांस साधारण वाटणारा १४० हा आकडाही त्यांच्या बाबतीत धोक्याची सूचना ठरतो. बद्धकोष्ठ आणि शय्याव्रण हीदेखील याची कारणे आहेत.

अशा वेळी रुग्णास आडवे करू नये. ताठ बसवून पाय खाली सोडावेत, कपडे सैल करावेत. नळीस पीळ पडला आहे काय ते पाहून मूत्राशय हळूहळू रिकामे करावे, दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजावा. उतार न पडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब व इजेची पातळी लिहिलेले कार्ड जवळ असल्यास डॉक्टरांचा बहुमोल वेळ वाचतो. घरातील प्रत्येकाने एवढी माहिती ठेवली, तरी एखादा जीव वाचू शकेल.