चंद्रपूरला जाऊ, तर वेशीही पाहू

चैत्रात आपल्या वणी, मारेगावकडून कितीतरी बाया चंद्रपूरच्या महाकालीला जातात. दर्शन झालं, ओटी भरली की पुढची एसटी धरून घरी. पण हे शहर गोंड राजांची राजधानी होतं, ते पाहायचं राहूनच जातं. आमच्या गटाने मग एक अख्खा दिवस त्यासाठीच काढला.

शहराभोवती सुमारे ११ किलोमीटरचा दगडी परकोट आहे. त्याला चार मोठ्या वेशी: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर. शिवाय लहान दारं, त्यांना तिथे खिडकी म्हणतात. जटपुरा वेशीतून आजही गाड्या जातात, त्यामुळे बाजूला उभं राहूनच वर पाहा. दगडात हत्तीवर चढलेला सिंह दिसेल. ती गोंड राज्याची खूण.

लोक सांगतात, खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरची गळवं झरपट नदीच्या पाण्याने बरी झाली आणि तिथेच शहर वसवा, हा सल्ला राणीचा. ही झाली दंतकथा. राणी हिराई मात्र इतिहासातली. नवरा बीरशहा मारला गेला, पोटी मुलगा नव्हता. तिने रामशहाला दत्तक घेतलं, तो लहान असेपर्यंत राज्य सांभाळलं, आणि नवऱ्याची समाधी बांधली. अंचलेश्वर मंदिराशेजारी ती आहे. कुणी तिला ताजमहालाची उपमा देतात, आम्हाला ती पटली नाही. इथे बायकोने नवऱ्यासाठी बांधलंय, आणि राज्य चालवता चालवता! महाकालीचं आजचं मंदिरही तिनेच बांधलं असं सांगतात. आमच्यातल्या गोंड बहिणी समाधीपाशी बराच वेळ बसल्या, त्यांना उठवावंसं वाटेना.

१७५१ मध्ये राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेलं, आणि नंतर इंग्रजांकडे. परकोटावर पुढे झाडंझुडपं माजली. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने तो साफ करायला घेतला.

खर्चाचं म्हणाल, तर एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. खासगी गाडी ठरवली तर ही सवलत नाही. वणीहून घुग्घूसमार्गे गेलं की एका दिवसात परत येता येतं. उन्हाळा टाळा, तिथलं ऊन आपल्यापेक्षा कडक. आधी समाधी आणि अंचलेश्वर, मग महाकाली, आणि जटपुरा वेस परतताना. भाकरी सोबत ठेवा, आणि सकाळीच घरी सांगून निघा की संध्याकाळचा स्वयंपाक आज दुसरं कुणी करेल.