विश्लेषण : बॅग हलकी करता येते, मग मनावरचे ओझे का उतरत नाही?

देशांतर्गत विमान प्रवासात इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशाला साधारणपणे १५ किलोची बॅग आणि सोबत ७ किलोचे हातसामान नेता येते. त्यापुढच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात, म्हणून बॅग भरताना दहादा विचार होतो. भावाशी वाटणीवरून तुटलेले बोलणे, चारचौघांत झालेला अपमान, ‘तेव्हा मी असे वागायला नको होते’ ही टोचणी, या सामानाचे वजन मात्र कोणी करत नाही. ते वर्षानुवर्षे सोबत फिरत राहते. ते का सुटत नाही आणि कसे उतरवता येईल?

‘विसरून जा’ हा सल्ला का चालत नाही?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला. सहभागींना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, असे सांगितले. तो विचार आला की घंटा वाजवायची. घंटा वाजतच राहिली. पुढे विचाराची मोकळीक दिल्यावर, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा या गटाला अस्वल अधिक वेळा आठवले. विचार दाबायचा तर तो येतोय का, यावर मनाला पहारा ठेवावा लागतो आणि त्या पहाऱ्यामुळेच तो जागा राहतो.

उगाळणे आणि विचार करणे यांत फरक काय?

‘तो असे बोललाच कसा?’ हा प्रश्न शंभरदा विचारला तरी उत्तर तेच येते. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी या उगाळण्याच्या सवयीचा अनेक वर्षे अभ्यास केला. ही सवय असलेल्यांमध्ये नैराश्याचा धोका अधिक असतो आणि ते अधिक काळ टिकते, असे त्यांना आढळले. विचार ‘आता काय करता येईल?’ या प्रश्नाकडे नेतो, उगाळणे मात्र ‘माझ्याच वाट्याला का?’ इथेच गोल फिरते.

लिहून काढल्याने फरक पडतो का?

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ मधील अभ्यास याबाबत महत्त्वाचा ठरतो. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक अनुभवावर लिहायला सांगितले. घटना आणि त्याबद्दलच्या भावना, दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्यानंतर लगेच अधिक उदास वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांनुसार हा फायदा सरासरीने लहान असतो. तरीही वही आणि पेन यापलीकडे त्याला खर्च नाही. कागद कोणाला दाखवायची गरज नाही, नंतर फाडून टाकला तरी चालतो.

माफ करणे म्हणजे पुन्हा जुळवून घेणे का?

नाही. माफी आणि समेट या वेगळ्या गोष्टी आहेत. माफीवर संशोधन करणारे एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या आईची १९९६च्या नववर्षाच्या सुमारास घरफोडीत हत्या झाली. स्वतः मांडलेली पद्धत त्यांना स्वतःवरच वापरावी लागली. तिच्या पाच पायऱ्या अशा :

- घटना शांतपणे आठवणे
- समोरच्याची मनःस्थिती समजून घेणे
- त्याने मागितली नसली तरी माफी देणे
- तो निर्णय लिहून किंवा बोलून पक्का करणे
- राग पुन्हा उसळला तरी निर्णयावर टिकणे

या पद्धतीवरील स्वाध्याय-पुस्तिकेची पाच देशांतील साडेचार हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुस्तिका लगेच मिळालेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंतेची लक्षणे कमी झाली.

कोणते ओझे एकट्याने उतरवू नये?

छळ अजून सुरू असेल, तर ‘सोडून दे’ हा सल्ला धोक्याचा आहे. तिथे आधी सुरक्षितता आणि गरज पडल्यास तक्रार. माफीचा विचार नंतर, तोही स्वतःची इच्छा असेल तरच. माफ केले तरी जमिनीचा दावा किंवा पोटगीचा हक्क सोडावा लागत नाही. आठवणींमुळे झोप उडत असेल, काम होत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू असून, तिथे मराठीतूनही बोलता येते.