जार मेणबत्ती बिघडते कुठे? दिवाळीच्या ऑर्डरआधी एवढं तपासा



दिवाळीची पन्नास जारची ऑर्डर हातात आहे आणि पहिल्याच जारमध्ये मधोमध खड्डा! वाशिम-रिसोडकडच्या बचत गटातल्या ताई मग विचारतात, "सर, मेणच खराब आलं का?" बहुतेक वेळा मेण चांगलंच असतं. चुकते ती वात, नाहीतर तापमान.

मधोमध विहीर, कडेचं मेण तसंच: वात जारच्या मानाने बारीक आहे. एक नंबर जाड घ्या. गिऱ्हाइकालाही सांगा, पहिल्यांदा लावल्यावर मेण कडेपर्यंत वितळू द्या. तीन इंच रुंद जारला साधारण तीन तास लागतात.

काच काळी पडते: वात जाड किंवा लांब आहे. प्रत्येक वेळी लावण्याआधी ५-६ मिलिमीटर ठेवून कापा.

वास येत नाही: सुगंध झाकणाने नाही, वजनकाट्यावर मोजा. सोया मेणाला किलोमागे ६० ते ८० ग्रॅमपासून सुरुवात करा, पण मेणवाल्याने दिलेली मर्यादा ओलांडू नका. जास्त टाकलं तर तेल वर सुटतं. आणि घाई नको! सोया मेणाचे जार झाकण लावून एक-दोन आठवडे मुरू द्या. म्हणजे दिवाळीचा माल दसऱ्यालाच ओतायचा.

मेण काचेपासून सुटतं: काच गार होती. जार आधी कोमट करा, अंतर ठेवून मांडा, पंख्याखाली ठेवू नका.

वर पांढरी नक्षी: ही बुरशी नाही, सोया मेणाचा स्वभाव आहे. जळण्यात फरक पडत नाही. रंगीत मेणात जास्त दिसते, म्हणून पांढरेच जार ठेवा.

हे मेण सोयाबीनच्या तेलापासून बनतं, म्हणजे आपल्या शिवारातलंच पीक! पण जारचं सोया मेण ४५-५० अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, बंद गाडीत तर आणखी तापतं. उन्हाळ्यात माल संध्याकाळीच पाठवा.

आता मुख्य गोष्ट. पन्नास ओतण्याआधी एकच जार बनवा, मुरवा आणि थोडा-थोडा करत तळापर्यंत जाळून बघा. बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदला. वात, सुगंध, तापमान सगळं एकदम बदललं तर चूक सापडणारच नाही. वहीत तारीख, वातीचा नंबर, सुगंधाचे ग्रॅम, ओतताना किती अंश, सगळं लिहा. एक जार वाया गेला तर एकाचेच पैसे जातात. पन्नास परत आले तर गिऱ्हाईकही जातं.

सुरक्षेचं विसरू नका. मेण थेट गॅसवर नको, पाण्याच्या भांड्यात वितळवा. पेटलंच तर पाणी टाकायचं नाही! गॅस बंद, वर झाकण. आणि लेबलवर छापा: "तळाला १ सेंटिमीटर मेण उरलं की विझवा." नाहीतर काच तडकू शकते.

तुमचा जार कुठे अडतोय? वहीतल्या नोंदीसकट कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत बघू!