मळवलीस उतरावे, कामशेतास चढावे

मुंबई-पुणे लोहमार्ग आमच्या मुळशी तालुक्याबाहेरून जातो. त्याचा खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ साली सुरू झाला. कोळवण खोऱ्यातून पायी कामशेतची गाडी गाठावयाची म्हणजे तिकोन्याजवळची चढण ओलांडून मावळात उतरणे आले. मोटारी झाल्यावर ही पायपीट थांबली. वाटांचे काय झाले, हे पाहण्यासाठी गेल्या कार्तिकात आम्ही दोघा पेन्शनर स्नेह्यांसह निघालो. मळवलीस उतरावयाचे, पहिली रात्र तिकोनापेठेस, दुसरी कोळवणास, व परत येऊन कामशेतास गाडी धरावयाची, असा बेत होता.

भाज्याच्या लेण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पुढे गायमुख खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. लोहगड २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. आम्ही मात्र गड न चढता पवनेच्या काठी उतरलो.

जवण सोडून हाडशीकडे वळताच भाताची कापणी लागली. आंबेमोहोराचा वास वाऱ्यावर होता. आमचे एक स्नेही ओल्या बांधावर पाय देऊन चालले, तेव्हा खाचरातून एक गृहस्थ ओरडले, व ते योग्यच होते. बांध घालण्यास काय पडते हे फिरावयास येणाऱ्यांस ठाऊक नसते.

पुढे वाट तारेच्या कुंपणात शिरली व तेथे फाटकास कुलूप. एक वृद्ध बाई डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन ओढ्याकडून वळसा घालून येत होत्या. त्या म्हणाल्या, “खाचर समोर दिसतंय, पण जायचं ह्या आडमार्गानं.”

“अर्ज दिलात काय?”

“अर्ज कशापायी? बापजाद्यांची वाट हाये.”

कुलूप केव्हा लागले, असे विचारता “मिरगात” असे उत्तर आले. आम्ही बोटांवर महिने मोजले. शेताच्या वहिवाटीच्या रस्त्यास कोणी अडथळा केल्यास मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६, याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. परंतु तो सहा महिन्यांचे आत. पाच उलटले होते. वाटच नसेल व बांधावरून नवी हवी असेल, तर महसूल अधिनियम, १९६६, याचे कलम १४३ निराळे. लोक ह्या दोहोंची गल्लत करतात. चाकरीत असताना आठव्या महिन्यात आलेले दावे मुदतीअभावी परत जाताना आम्ही पाहिले आहेत, आणि ते परत करण्याचे कागद लिहिणारा हात आमचाच होता.

बांधावर बसूनच मसुदा केला. गट क्रमांक बाईंस पाठ होते. गावनकाशात पायवाट तुटक रेषेने दाखविलेली असते. तिची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून घेऊन सोबत जोडावी, असे त्यांच्या मुलास सांगितले. तो सोमवारी पौडास जाणार होता.

परतताना कामशेतास गाडी अर्धा तास उशिरा होती. अर्जात फाटकाची दिशा लिहावयाची राहिली, हे फलाटावर ध्यानात आले. तेवढ्या वेळात सुधारलेली प्रत लिहून टपालात टाकली.