शिवणयंत्रासोबत तेलाची कुपीही द्या

यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर ज्या भगिनींच्या माथी संसार आला, त्यांना शिवणयंत्र भेट देणारे दाते पुष्कळ आहेत. समारंभ होतो, छायाचित्र निघते. सहा महिन्यांनी ते यंत्र चालते की चादरीखाली झाकलेले आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानले होते. पण ते बंद पडले की घरात जागा अडवणारे लोखंडच.

बंद पडण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. सुती कापड शिवताना सुटणारे तंतू दात्यांखाली व शटलभोवती साचतात, त्यांत तेल मुरते आणि नमद्यासारखा घट्ट थर बसतो. चाक जड होते. आठवड्यातून एकदा सुई काढून, पट्टी उघडून, बॉबिन केस बाहेर घेऊन जुन्या ब्रशने हा कचरा काढावा. विजेची मोटर असल्यास आधी प्लग काढावा. मग प्रत्येक छिद्रात यंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत आणि चिंधीवर थोडी शिवण घालावी, म्हणजे जादा तेल नव्या कापडाला लागत नाही. खोबरेल किंवा गोडे तेल कधीही घालू नये; ते चिकट होऊन सांधे धरून ठेवते. असे अडकलेले यंत्र थोड्या रॉकेलने मोकळे होते, मात्र नंतर ते पुसून पुन्हा तेल द्यावे लागते.

कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की बहुतेक जणी बॉबिनचा स्क्रू फिरवतात. दोष सहसा वरच्या दोऱ्यात असतो. पाय वर उचलून दोरा नव्याने ओवावा. पाय खाली असेल तर दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. टाके सुटत असतील तर प्रथम सुई बदलावी. पातळ सुतीला ११, साध्या कापडाला १४ आणि जाड कापडाला १६ क्रमांकाची. सुई आणि शटलचा मेळच बिघडला असेल, तर मात्र कारागिराकडेच जावे.

पायंडलच्या यंत्राचा पट्टा पूर्वापार चामड्याचा असे. आपल्या घरांतून त्याविषयी संकोच असतो. रबरी किंवा प्लास्टिकचा पट्टा तेच काम करतो, तेव्हा भेट देतानाच तो बसवून घ्यावा.

वणी, पुसद किंवा दारव्ह्याच्या आसपासच्या खेड्यातून यंत्राचे डोके एसटीने तालुक्याला न्यायचे, तर भाडे जाते, दिवस बुडतो आणि विदर्भातल्या शाळा उघडण्यापूर्वीच्या गर्दीत गणवेशाचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. म्हणून पुढील भेटीच्या वेळी यंत्राबरोबर तेलाची कुपी, सुयांचे पाकीट, ब्रश आणि स्क्रू ड्रायव्हर द्यावा. आणि समारंभाचा अर्धा तास कमी करून जाणत्या शिंपीदादांना ते यंत्र त्या भगिनीच्या हातून उघडायला व जोडायला लावू द्यावे.